अनेक प्लॉट, एक फवारणी : एक्सेलच्या फॉर्ममधील यादी कशी वाचावी

द्राक्षबागाईतदारांपैकीं पुष्कळजण हल्लीं फवारणीची नोंदवही कागदावर न ठेवतां संगणकावर एक्सेलच्या पत्रकांत ठेवतात. निर्यातीसाठीं नोंदलेल्या बागेला ही नोंद ठेवावीच लागते. आणि ज्यांचा माल जवळच्या बाजारापलीकडे जात नाहीं त्यांसहि ती ठेवणें हिताचें आहे. पत्रकाच्या बारीक घरांत रोज तारीख, औषध, प्रमाण असें लिहीत बसण्याचा कंटाळा येतो, म्हणून कित्येकांनीं त्यावर मॅक्रोचा एक लहानसा फॉर्म बसवून घेतला आहे. फॉर्म उघडावा, औषध निवडावें, ज्या ज्या प्लॉटांवर फवारलें त्यांवर खूण करावी आणि नोंदीचें बटण दाबावें, इतकेंच काम उरतें. परंतु ह्या 'ज्या ज्या' शब्दांतच सारी अडचण आहे. औषध एकच निवडावयाचें असतें. प्लॉट मात्र एक, तीन किंवा सातहि असूं शकतात. एक उत्तर देणारी यादी आणि अनेक उत्तरें देणारी यादी ह्या दिसावयास सारख्या असल्या तरी त्यांस प्रश्न विचारण्याची रीत अगदीं निराळी आहे. ती रीत न कळल्यामुळें मजकडून जी चूक झाली तीच प्रथम सांगतों.

माझी बाग सात प्लॉटांत विभागलेली आहे. फॉर्म मींच केला होता. पहिल्या वर्षीं यादींतून एका वेळीं एकच प्लॉट निवडतां येई. त्यामुळें सातहि प्लॉटांस फवारणी झाली कीं फॉर्म सात वेळां भरावा लागे. दुसऱ्या वर्षीं मीं यादीच्या गुणधर्मांत एक बदल केला आणि तिच्यावर एकाच वेळीं अनेक खुणा करतां येऊं लागल्या. खुणा होतात हें डोळ्यांनीं दिसलें, बटण दाबल्यावर पत्रकांत एक ओळ उमटली, एवढ्यावर माझें समाधान झालें. त्या ओळींत काय लिहिलें गेलें तें मीं पाहिलें नाहीं.

जानेवारीच्या 10 तारखेस चार प्लॉटांवर एक औषध मारलें. त्या औषधाचे काढणीपूर्वीं सोडावयाचे दिवस, ज्यांस आपण पीएचआय म्हणतों, ते 30 होते. महिनाअखेरीस व्यापारी माल पाहून गेला. पत्रकाप्रमाणें ओढ्याकाठचा प्लॉट मोकळा होता, म्हणून 4 फेब्रुवारी ही तोडणीची तारीख ठरली. मजूर क्रेट घेऊन बांधावर आले, तेव्हां आमच्याकडे पंधरा वर्षें फवारणीचें काम करणारे मिस्त्री मला बाजूस घेऊन म्हणाले, "मालक, ह्या प्लॉटाला बी त्याच दिवशी मारलंय की. हितनंच तर सुरवात केली हुती." मीं त्यांस म्हटलें, "संगणकांत तसें नाहीं." त्यावर ते कांहीं बोलले नाहींत, औषधाची रिकामी बाटली मात्र ओढ्याकडच्या शेडमधून आणून त्यांनीं माझ्यासमोर ठेविली.

तोडणी थांबविली. व्यापाऱ्याची गाडी रिकामी परत गेली, आणि पुढें तोच माल मला कमी भावानें द्यावा लागला. घरीं येऊन पत्रक उघडलें तों चार प्लॉटांपैकीं एकाचेंच नांव त्या तारखेपुढें होतें. आणि तें नांव, खुणा करतांना ज्यावर शेवटीं टिचकी पडली होती त्याचें. मागें मागें पाहत गेलों तेव्हां त्या हंगामांतील अकरा फवारण्यांच्या नोंदी अशाच अपुऱ्या निघाल्या. मजुरांची हजेरीवही आणि औषधाच्या दुकानाचीं बिलें पुढें घेऊन त्या दुरुस्त करावयास मला तीन रात्री लागल्या.

औषधाचा अंश राहिल्यानें केवढें नुकसान होतें हें आपणांस नवें नाहीं. 2010 सालीं युरोपांत गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड ह्या वाढरोधकाचा अंश तेथील मर्यादेपेक्षां अधिक सांपडला आणि निर्यातदारांप्रमाणेंच बागाईतदारांसहि त्याची झळ लागली. मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र शिफारसीच्या औषधांची जी यादी प्रसिद्ध करतें, तींत प्रत्येक औषधापुढें काढणीपूर्वीं सोडावयाचे दिवस दिलेले असतात. ते दिवस कोणत्या प्लॉटाला कोणत्या तारखेपासून मोजावयाचे, हें मात्र आपल्याच वहीनें सांगावयाचें असतें.

आतां चूक कोठें होती तें पाहूं. ह्या लेखांत यंत्राचे शब्द उच्चाराप्रमाणें देवनागरींत दिले आहेत. मॅक्रो लिहितांना ते रोमन लिपींतच टंकावे लागतात. फॉर्ममधील यादीला लिस्टबॉक्स म्हणतात. तिचा 'मल्टिसिलेक्ट' नांवाचा एक गुणधर्म असतो, आणि त्याच्या तीन अवस्था आहेत. शून्य ही अवस्था एकाच निवडीची. ह्या अवस्थेंत 'व्हॅल्यू' विचारलें कीं निवडलेलें नांव मिळतें, आणि 'लिस्टइंडेक्स' विचारलें कीं त्याचा ओळ-अंक मिळतो. कांहींच निवडलें नसल्यास उणे एक. माझा जुना मॅक्रो लिस्टइंडेक्सवरून नांव काढीत असे आणि तो एका निवडीपुरता अगदीं बरोबर होता. परंतु मल्टिसिलेक्ट एक किंवा दोन केला कीं ह्या शब्दांचा अर्थच बदलतो. 'व्हॅल्यू' कांहींच सांगत नाहीं. तिचें उत्तर 'नल' येतें, म्हणजे रिकामें. 'लिस्टइंडेक्स' मात्र उत्तर देतो, आणि तेंच अधिक घातक आहे. कारण तो निवडलेल्या ओळीचा अंक सांगत नसून ज्या ओळीवर शेवटीं हात होता तिचा अंक सांगतो. एखाद्या प्लॉटावर चुकून झालेली खूण आपण पुन्हां टिचकी मारून काढून टाकली, तरी लिस्टइंडेक्स त्याच प्लॉटाचें नांव पुढें करील. यंत्र अडून बसलें असतें तर मीं चूक शोधली असती. तें अडलें नाहीं, अर्धवट उत्तर देऊन मोकळें झालें, आणि मीं तें पूर्ण समजलों.

एक आणि दोन ह्या अवस्थांतील भेदहि लक्षांत ठेवण्याजोगा आहे. अवस्था एकमध्यें प्रत्येक टिचकीनें त्या ओळीची खूण होते किंवा निघते. इतर ओळींस धक्का लागत नाहीं. अवस्था दोनमध्यें कंट्रोलची कळ दाबून धरल्यावांचून टिचकी मारली तर पूर्वींच्या साऱ्या खुणा जाऊन ती एकच ओळ उरते. हिशेबनिसास ही दुसरी रीत सोयीची वाटेल, पण संध्याकाळीं बागेंतून थकून आलेल्या माणसाच्या हातीं ती देऊं नये. सहा प्लॉट निवडून सातव्याच्या वेळीं बोट कळीवरून निसटलें कीं सहाहि गेले, आणि तें ध्यानांतहि येत नाहीं. शेतकऱ्याच्या फॉर्मला अवस्था एकच ठेवावी, असें माझें स्पष्ट मत आहे. त्याबरोबर 'लिस्टस्टाइल' हा गुणधर्महि एक करावा, म्हणजे प्रत्येक नांवापूर्वीं लहान चौकोन येतो व खूण त्यांत स्पष्ट दिसते.

अशा यादीला 'तूं काय निवडलेंस?' असा एकच प्रश्न विचारून भागत नाहीं. हजेरी घेतांना मुकादम जसा प्रत्येकाचें नांव घेऊन 'आला कां?' असें विचारतो, तसें प्रत्येक ओळीला वेगळें विचारावें लागतें. हा प्रश्न 'सिलेक्टेड' ह्या शब्दानें विचारतां येतो; त्याचें उत्तर होय किंवा नाहीं एवढेंच असतें. यादींत एकूण ओळी किती हें 'लिस्टकाउंट' सांगतो, आणि अमुक ओळींत काय लिहिलें आहे हें 'लिस्ट' सांगतो. पत्रकांतील पहिली मोकळी ओळ कोणती तें आधीं शोधून तिचा अंक 'ओळ' ह्या नांवाखालीं ठेविला, कीं पुढचा भाग असा होतो :

फॉर आय = 0 टू यादी.लिस्टकाउंट - 1
इफ यादी.सिलेक्टेड(आय) देन
नोंद.सेल्स(ओळ, 1) = क्रमांक
नोंद.सेल्स(ओळ, 2) = तारीख
नोंद.सेल्स(ओळ, 3) = औषध
नोंद.सेल्स(ओळ, 4) = यादी.लिस्ट(आय, 0)
ओळ = ओळ + 1
एंड इफ
नेक्स्ट आय

येथें 'नोंद' हें पत्रकाचें, 'यादी' हें लिस्टबॉक्सचें आणि 'आय' हें हजेरीच्या चालू अंकाचें नांव होय. ह्यांत दोन जागीं नवशिका हटकून फसतो. पहिली जागा मोजणीची. यादीची पहिली ओळ एक अंकाची नसून शून्य अंकाची असते. सात प्लॉटांची यादी शून्यापासून सहापर्यंत जाते. सातपर्यंत गेल्यास यंत्र चूक दाखवून थांबतें, तें बरें. परंतु एकापासून आरंभ केल्यास कोणतीच तक्रार न येतां पहिला प्लॉट कायमचा नोंदीबाहेर राहातो. दुसरी जागा 'ओळ = ओळ + 1' ह्या वाक्याची. तें विसरल्यास सर्व प्लॉट एकाच ओळीवर एकावर एक लिहिले जातात आणि शेवटचा तेवढा शिल्लक राहातो. तें 'एंड इफ'च्या खालीं गेल्यास मध्यें रिकाम्या ओळी पडतात.

आतां प्रत्येक प्लॉटाची वेगळी ओळ कां लिहावी, एकाच घरांत स्वल्पविराम देऊन सारे प्लॉट कां लिहूं नयेत, असें कोणी विचारील. वाचावयास तें सुटसुटीत दिसतें हें खरें. पण वही केवळ वाचण्यासाठीं नाहीं. तिच्याकडून पुढें हिशेब करून घ्यावयाचा असतो. एका घरांत '14, 112, 115' असें लिहिलें आणि पुढें 12 नंबरचा शोध केला, तर 112 मधील 12 सांपडून न फवारलेला प्लॉट फवारलेला ठरतो. वेगळ्या ओळी असल्या कीं पांचव्या रकान्यांत पीएचआयचे दिवस, सहाव्यांत तारीख अधिक दिवस, अशी प्लॉट मोकळा होण्याची तारीख आपोआप येते. आणि 'मॅक्सइफ्स' ह्या सूत्रानें एका प्लॉटाच्या सर्व ओळींतील सर्वांत उशिराची तारीख क्षणांत काढतां येते. उशिराची तारीख म्हणजे शेवटच्या फवारणीचीच, असें समजूं नये. 10 जानेवारीस 30 दिवसांचें औषध आणि 25 जानेवारीस 5 दिवसांचें औषध मारलें असेल, तर पहिल्याप्रमाणें प्लॉट 9 फेब्रुवारीस मोकळा होतो, दुसऱ्याप्रमाणें 30 जानेवारीसच. शेवटची फवारणी पाहून तोडणी करणारा येथें फसतो. मॅक्सइफ्स हें सूत्र एक्सेलच्या 2019 व त्यानंतरच्या आवृत्त्यांत आहे. जुन्या आवृत्तींत 'मॅक्स' आणि 'इफ' हीं दोन सूत्रें एकांत एक गुंफून, कंट्रोल व शिफ्टसह एंटर दाबून तेंच काम होतें.

वेगळ्या ओळी लिहिल्यानें मात्र एक नवी चूक संभवते, ती पाण्याच्या हिशेबाची. तीन प्लॉटांस मिळून 1000 लिटर द्रावण लागलें आणि तिन्ही ओळींत 1000 लिहिले, तर बेरीज 3000 येईल आणि औषधाचा हिशेबहि तिप्पट होईल. ह्यासाठीं यादींत प्लॉटाच्या नांवाशेजारीं त्याचें क्षेत्र गुंठ्यांत ठेवावें. 'कॉलमकाउंट' दोन केला कीं यादीला दुसरा रकाना मिळतो व त्यांतील आंकडा 'यादी.लिस्ट(आय, 1)' असा वाचतां येतो. मग हजेरी दोनदां घ्यावी : पहिल्या फेरींत खूण असलेल्या प्लॉटांचे गुंठे मिळवावे, दुसऱ्या फेरींत त्या प्रमाणांत लिटर वांटून लिहावे. 20, 30 आणि 50 गुंठ्यांचे प्लॉट असल्यास वांटणी 200, 300 आणि 500 लिटर अशी पडते. पहिल्या फेरींतच आणखी एक लाभ होतो. मिळवणी शून्य आली तर खूण एकाहि प्लॉटावर नाहीं हें उघड आहे. तेथेंच थांबून तसें सांगावें, नोंद करूं नये.

आपल्याकडील गट व सर्व्हे नंबरांमुळें जी अडचण येते ती इंग्रजी पुस्तकांत मला आढळली नाहीं. सर्व्हे नंबर 12 हिस्सा 3 आपण '12/3' असा लिहितों. एक्सेलला ती तारीख वाटते. आपल्याकडील मांडणीच्या यंत्रावर हातानें लिहिल्यास ती 12 मार्च होते, आणि मॅक्रोकडून लिहिल्यास, मॅक्रो अमेरिकन रीतीनें महिना आधीं वाचतो म्हणून, बहुधा 3 डिसेंबर. 112/3 मात्र जशाच्या तशा राहातात, कारण तशी तारीख होत नाहीं. त्यामुळें कांहीं प्लॉट सापडतात, कांहीं सांपडत नाहींत, आणि कारण ध्यानांत येत नाहीं. प्लॉटाला 'ग12-3' असें अक्षरानें आरंभ होणारें नांव द्यावें, किंवा 'ओढा', 'विहीर', 'माळ' अशीं घरांत रुळलेलीं नांवें ठेवावीं, म्हणजे हा घोळच उरत नाहीं. फॉर्ममध्यें लिहिलेल्या तारखेचीहि हीच गति आहे. '5/3' अशी तारीख सरळ पत्रकांत न टाकतां 'सीडेट' ह्या शब्दानें आधीं तिचें रूपांतर करून घ्यावें, म्हणजे ती यंत्राच्या मांडणीप्रमाणें वाचली जाते.

मराठी नांवांविषयीं एक सूचना. मॅक्रो लिहिण्याच्या खिडकींत देवनागरी अक्षरें टंकल्यास त्यांचीं प्रश्नचिन्हें होतात. प्लॉटांचीं नांवें पत्रकाच्या एका भागांत लिहून ठेवावीं आणि फॉर्म उघडतांना, म्हणजे 'इनिशियलाइझ'च्या वेळीं, तेथून यादींत भरावीं. यादींत तीं शुद्ध दिसतात. बटणावरचे शब्द व सूचनाहि अशाच पत्रकांतून आणाव्या. नेहमीच्या 'मेसेजबॉक्स'मध्यें मराठी उमटत नाहीं, म्हणून सूचनेसाठीं फॉर्मवरच एक 'लेबल' राखून ठेवणें बरें. 'रोसोर्स' नांवाच्या गुणधर्मानें यादी पत्रकाला कायमची बांधतांहि येते. पण बांधलेल्या यादींत मॅक्रोनें नवें नांव घालूं गेल्यास यंत्र परवानगी नाकारतें, आणि पत्रकाच्या त्या भागांत बदल झाल्यास खुणा पुसल्या जाण्याचा संभव असतो. मीं ती रीत सोडून दिली आहे.

नोंद झाल्यावर सर्व खुणा काढावयास विसरूं नये. पुन्हां तीच हजेरीची फेरी घेऊन प्रत्येक ओळीचें 'सिलेक्टेड' 'फॉल्स' करावें. तसें न केल्यास आजच्या खुणा उद्यांच्या फवारणींत शिरतात.

नोंद दुरुस्त करावयाची असेल तेव्हां पहिल्या रकान्यांतील फवारणीचा क्रमांक उपयोगीं पडतो. त्या क्रमांकाच्या ओळी वाचून, त्यांतील प्रत्येक नांव यादींत जुळवून, जेथें जुळेल तेथें 'सिलेक्टेड' 'ट्रू' करावें. म्हणजे जुन्या खुणा पूर्ववत् दिसतात. बदल झाल्यावर जुन्या ओळी काढून नव्या लिहाव्या. जुन्या ओळी काढतांना खालून वर जावें. वरून खालीं जात आठवी ओळ काढली कीं नववी सरकून आठवी होते आणि यंत्र नववीकडे वळतें. मधली ओळ वाचते आणि रद्द केलेला प्लॉट वहींत राहून जातो. 'फॉर'च्या वाक्यांत शेवटच्या अंकापासून आरंभ करून 'स्टेप -1' लिहिलें कीं ही अडचण राहात नाहीं. लिस्टबॉक्समधून नांवें काढतांनाहि हाच नियम.

फॉर्म तयार झाल्यावर हंगामापूर्वीं त्याची परीक्षा घ्यावी. खोटी तारीख घालून पहिला, शेवटचा आणि मधला एक अशा तीन प्लॉटांवर खूण करावी. मग एका चौथ्यावर खूण करून ती काढून टाकावी, आणि नोंद करावी. पत्रकांत बरोबर तीन ओळी, त्याच तीन नांवांच्या, आल्या पाहिजेत. चौथ्याचें नांव दिसलें तर मॅक्रो अजून लिस्टइंडेक्सला विचारीत आहे. पहिल्याचें नाहींसें असेल तर मोजणी एकापासून चालली आहे. ही परीक्षा मीं त्या वर्षीं घेतली असती तर पांच मिनिटें लागलीं असतीं.

वही जतन करतांना मॅक्रोसहित वहीचा जो एक्सएलएसएम प्रकार आहे तोच निवडावा. साध्या प्रकारांत मॅक्रो गळून पडतात. दुसऱ्यानें ई-मेलनें पाठविलेल्या वहींतील मॅक्रो मायक्रोसॉफ्टनें 2022 पासून आपण होऊन अडविण्याची व्यवस्था केली आहे. फाइलच्या 'प्रॉपर्टीज'मध्यें जाऊन ती अडवणूक काढतां येते. परंतु पाठविणारा ओळखीचा असल्याखेरीज तसें करूं नये. मोबाइलवरील एक्सेलमध्यें असे मॅक्रो मुळींच चालत नाहींत. म्हणून आमच्याकडे फवारणी संपल्याबरोबर मिस्त्री प्लॉटांचीं नांवें एका चिठ्ठीवर लिहून देतात, रात्रीं तीवरून फॉर्म भरला जातो, आणि नोंद झाल्यावर पत्रकांतील ओळींची संख्या चिठ्ठींतील नांवांशीं ताडून मगच ती चिठ्ठी खिळ्याला टोंचली जाते.